पुसट अक्षर ओळखणारी स्मृती

जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना २०२४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, त्यानंतर बरेच दिवस फोंड्याच्या आमच्या वाचनालयातील सायंकाळच्या गप्पांत तोच विषय फिरून फिरून निघत होता. ज्या संशोधनाने यंत्रांना शिकण्याची वाट दाखवली, त्याला भौतिकशास्त्राचे पारितोषिक कसे मिळाले, असे एका निवृत्त शिक्षकांनी विचारले. त्यावर दुसऱ्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न मला अधिक मुळाशी जाणारा वाटला. यंत्राला चित्र आठवते आणि हे चित्र अमुक प्रकारचे आहे असे ते सांगते, तेव्हा आत नेमके काय घडते? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सूत्रे टाळून, पण महत्त्वाचे काही न गाळता देण्याचा हा प्रयत्न आहे. हॉपफिल्ड यांनी १९८२ साली मांडलेल्या रचनेपासून सुरुवात केली, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तरही वाटेत मिळून जाते.

सर्व्हे नंबर आणि गावचा जाणकार

संगणकाची नेहमीची स्मृती जमिनीच्या नोंदवहीसारखी असते. एक-चौदाचा उतारा काढायचा तर गाव, सर्व्हे नंबर आणि पोटविभाग अचूक सांगावा लागतो. त्यातला एक आकडा चुकला, तर भलत्याच माणसाच्या जमिनीचा कागद हाती येतो. नोंदीत काय लिहिले आहे याच्याशी शोधाचा काही संबंध नसतो, तिचा पत्ता तेवढा बरोबर लागतो.

गावातील वयस्क जाणकाराची गोष्ट वेगळी आहे. "व्हाळाला लागून जुना फणस आहे ना, ती जागा" एवढे सांगितले की तो त्या जागेचे जुने नाव, तिचे मालक, तिच्यातून जाणारी पायवाट आणि बांधावरून झालेला तंटा, हे सगळे सांगू लागतो. सर्व्हे नंबर त्याच्या गावीही नसतो. आपण फणसाऐवजी चुकून आंबा म्हटले, तरी तो बहुधा योग्य जागेपाशीच पोचतो, कारण बाकीच्या खुणा मिळून ती एक चूक सुधारून घेतात.

या दुसऱ्या प्रकाराला साहचर्य स्मृती किंवा असोसिएटिव्ह मेमरी म्हणतात. तुकडा दिला की पूर्ण वस्तू परत देणारी आणि तुकडा थोडा बिघडलेला असला तरी तो दुरुस्त करून घेणारी स्मृती, अशी तिची व्याख्या करता येईल. भजनाला बसलेल्यांना पेटीचे पहिले चार स्वर ऐकून पूर्ण अभंग ओठांवर येतो, तो याच स्मृतीमुळे. यंत्रात अशी स्मृती घडवण्याचे प्रयत्न हॉपफिल्ड यांच्या आधीही झाले होते. जपानमधील शुनिची आमारी आणि फिनलंडमधील तेउवो कोहोनेन यांनी १९७२ सालीच या दिशेने महत्त्वाचे काम केले होते. हॉपफिल्ड यांनी तिला जे रूप दिले, ते समजायला सर्वांत सोपे आहे, म्हणून येथे तेच घेतो.

कावीच्या भिंतीसारखी चौकट

गोव्यातील जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवर कावीची चित्रे आढळतात. तांबडी काव आणि पांढरा चुना, एवढ्या दोनच रंगांत वेली, पक्षी, देवदेवता आणि भौमितिक नक्षी कोरून काढलेली असते. हॉपफिल्ड यांची मूळ रचना अशाच दुरंगी चित्रांसाठी आहे.

एका चित्रावर उभ्याआडव्या रेषांचे बारीक जाळे टाकले आहे, अशी कल्पना करावी. २८ ओळी आणि २८ स्तंभ घेतले, तर ७८४ घरे होतात. प्रत्येक घर एक तर तांबडे किंवा पांढरे. तांबड्याला अधिक एक आणि पांढऱ्याला उणे एक म्हणू. यंत्राच्या दृष्टीने चित्र म्हणजे या ७८४ खुणांची एक रांग, याहून अधिक काही नाही. आता प्रत्येक घर इतर प्रत्येक घराशी एका दुव्याने जोडायचे. ७८४ घरांमध्ये असे ३,०६,९३६ दुवे होतात, आणि यंत्राला जे काही आठवते, ते सगळे या दुव्यांच्या बळात साठवलेले असते. कोणतेही चित्र कोणत्याही एका ठिकाणी ठेवलेले नसते. ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मला बराच वेळ पटली नव्हती, म्हणून पुढचे छोटे उदाहरण मुद्दाम हाताने करून पाहावे, असे सुचवतो.

पाच घरांचा हिशेब

दुव्यांचे बळ ठरवण्याचा नियम कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली मांडलेल्या विचारातून आला आहे. ज्या मज्जापेशी वारंवार एकत्र जागृत होतात, त्यांच्यातील दुवा घट्ट होत जातो, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या चौकटीत याचा अर्थ असा होतो: लक्षात ठेवायच्या चित्रात दोन घरे एकाच रंगाची असतील, तर त्यांच्यातील दुव्याला अधिक एक द्यायचा आणि ती वेगवेगळ्या रंगांची असतील, तर उणे एक. अधिकचा दुवा सांगतो, "आपण सारखे राहू." उणेचा दुवा सांगतो, "आपण वेगळे राहू."

समजा चित्र अवघ्या पाच घरांचे आहे: तांबडे, पांढरे, तांबडे, पांढरे, तांबडे. पाच घरांत दहा दुवे होतात आणि वरील नियमाने दहांचेही बळ ठरते. आता कोणी तरी हेच चित्र बिघडवून आपल्यापुढे ठेवले, दुसरे घर चुकून तांबडे झाले. यंत्र दुसऱ्या घराला विचारते की बाकीच्या चौघांचे म्हणणे काय आहे. पहिले, तिसरे आणि पाचवे घर तांबडे आहेत आणि त्यांचे दुव्यांतून आलेले म्हणणे आहे, "तू आमच्यापेक्षा वेगळे हो." चौथे घर पांढरे आहे आणि ते म्हणते, "तू माझ्यासारखे हो." चारही मते पांढऱ्याच्या बाजूने पडली, म्हणून दुसरे घर पांढरे होते. पहिल्या घराला विचारले, तर बिघडलेले दुसरे घर त्याला पांढरे व्हायला सांगते, पण उरलेली तिघे त्याला तांबडेच राहायला सांगतात; तीन विरुद्ध एक, म्हणून ते जागचे हलत नाही. मूळ चित्र परत आले.

मोठ्या चौकटीतही एवढेच घडते. एकेका घराला पाळीपाळीने विचारायचे, बहुमताप्रमाणे त्याचा रंग ठेवायचा किंवा बदलायचा, आणि कोणतेच घर बदलायला तयार नसेल तेव्हा थांबायचे. अनेक चित्रे लक्षात ठेवायची असतील, तर प्रत्येक चित्रातून आलेले दुव्यांचे आकडे एकमेकांत मिळवायचे. हॉपफिल्ड यांनी १९८२ साली हे करून पाहिले ते ३० आणि १०० घरांच्या जाळ्यांवर. ३० घरांच्या जाळ्यात दुवे होतात फक्त ४३५.

यात भौतिकशास्त्र कुठे आले

पाच घरांच्या उदाहरणाकडे आणखी एका बाजूने पाहता येते. मूळ चित्रात दहाचे दहा दुवे समाधानी होते. एक घर बिघडले, तेव्हा सहा दुवे समाधानी आणि चार नाराज झाले. घर दुरुस्त झाले आणि नाराजी पुन्हा शून्यावर आली. एकूण नाराजीचे हे मोजमाप म्हणजेच हॉपफिल्ड यांनी ज्याला जाळ्याची ऊर्जा म्हटले ती. एकेक घर बहुमताप्रमाणे बदलत गेले आणि दुवे दोन्ही बाजूंनी सारख्याच बळाचे असले, तर ही ऊर्जा कधीच वाढत नाही, हे गणिताने सिद्ध होते. ती उतरत जाते आणि कुठे तरी स्थिरावते.

हेच वर्णन भौतिकशास्त्रज्ञांच्या ओळखीचे होते. चुंबकीय पदार्थातील प्रत्येक अणू हा जणू एक सूक्ष्म चुंबक असतो. तो वर किंवा खाली तोंड करतो आणि शेजाऱ्यांच्या ओढीने आपली दिशा ठरवतो. स्पिन ग्लास नावाच्या काही मिश्रधातूंत ही ओढ सरमिसळ असते, काही शेजारी एकाच दिशेला ओढतात आणि काही उलट दिशेला, त्यामुळे त्या पदार्थाला स्थिरावण्यासाठी एकच अवस्था नसते, असंख्य असतात. स्थिरावण्याच्या या जागा आपल्या इच्छेने कोरता आल्या, तर प्रत्येक जागा ही एक स्मृती होईल, ही हॉपफिल्ड यांची सूझ. पारितोषिक भौतिकशास्त्राचे का, याचे उत्तर येथे आहे.

आपल्या पावसाळ्याकडे पाहिले, तर हे चित्र अधिक स्पष्ट होते. सत्तरीच्या डोंगरात पडलेला थेंब उतारावरून घरंगळत म्हादईला मिळतो. केप्याच्या बाजूला पडलेला थेंब कुशावतीतून जुवारीकडे जातो. थेंबाला नदीचे नाव माहीत नसते, कोणी त्याला वाट दाखवत नाही. तो कुठे पडला आणि तिथला उतार कसा आहे, एवढ्यावरच त्याची नदी ठरते. नदी जिथून पाणी गोळा करते, त्या साऱ्या प्रदेशाला आपण तिचे पाणलोट क्षेत्र म्हणतो. साहचर्य स्मृतीतही प्रत्येक साठवलेल्या चित्राभोवती असे पाणलोट क्षेत्र असते. शिकवणे म्हणजे भूभागाला उतार देणे, आणि पुसट चित्र दाखवणे म्हणजे त्या भूभागावर एक थेंब सोडणे.

मला वाटते, वर्गीकरणाचा सगळा विचार या उपमेत बीजरूपाने आहे. एका नदीला मिळणारे थेंब ज्या अर्थाने एका गटाचे, त्याच अर्थाने एका स्मृतीपाशी स्थिरावणारी चित्रे एका वर्गाची. नियमांची यादी करून, "उभा दंड असेल आणि डावीकडे गाठ असेल तर अमुक अक्षर" असे यंत्राला कोणी सांगितलेले नसते.

कोणी न कोरलेल्या दऱ्या

या भूभागात आपण कोरलेल्या दऱ्यांखेरीज आपोआप तयार झालेल्या दऱ्याही असतात, आणि त्या समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिली तर उलट्या रंगांची. तांबडे आणि पांढरे यांची अदलाबदल केली, तरी "सारखे राहू" आणि "वेगळे राहू" ही दुव्यांची मागणी तितकीच पूर्ण होते, म्हणून प्रत्येक चित्राबरोबर त्याची उलटी प्रतही आपसूक लक्षात राहते. तिचा उपद्रव फारसा होत नाही, कारण बरीच घरे बरोबर असलेले चित्र तिच्याकडे जातच नाही.

दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. समजा यंत्राला ग, त आणि न ही तीन अक्षरे शिकवली. आता प्रत्येक घरासाठी या तिघांचे बहुमत घेतले, दोन अक्षरांत ते घर तांबडे असेल तर तांबडे, नाही तर पांढरे, तर एक चौथीच आकृती तयार होते. आणि ही आकृतीसुद्धा यंत्रासाठी स्थिरावण्याची जागा बनू शकते. वर्णमालेत नसलेले अक्षर यंत्र ठामपणे आठवते. या विषयातील लोक तिला खोटी स्मृती म्हणतात.

पण हीच बहुमताची आकृती वेगळ्या परिस्थितीत फार उपयोगाची ठरते. तीन वेगळ्या अक्षरांऐवजी एकच ग तीन वेगवेगळ्या लेखनिकांच्या हातून लिहून घेतला, आणि तीनच काय, तीस जणांकडून लिहून घेतला, तर बहुमताने तयार होणारी आकृती कोणती असेल? एकाची गाठ जास्त वळलेली, दुसऱ्याचा दंड तिरका, तिसऱ्याची शिरोरेषा अपुरी. या वैयक्तिक लकबी एकमेकींना छेद देऊन गळून पडतात, आणि सर्वांत समान असलेला ग तेवढा उरतो. तो ग तीसपैकी एकानेही लिहिलेला नसतो. त्याला आपण आदिरूप म्हणू. पुरेशी उदाहरणे दिली, तर यंत्र एकेक उदाहरण लक्षात ठेवायचे सोडून त्यांच्या आदिरूपाभोवती एकच रुंद दरी तयार करते, आणि मग एकतिसाव्या माणसाने लिहिलेला, पूर्वी कधीही न पाहिलेला ग त्याच दरीत उतरतो. आठवणीचे ओळखीत रूपांतर होते ते येथे, आणि ज्याला आपण दोष म्हणत होतो, त्याच गुणधर्मातून होते.

वर्गाचे नाव कुठे लिहायचे

दरी मिळाली, तरी तिला नाव लागते. याची एक सोपी युक्ती आहे: नावाला चित्राचाच भाग करायचे. शाळेच्या अंकलिपीत चित्राखाली नाव लिहिलेले असते, त्याप्रमाणे चित्राच्या चौकटीला नावाची काही घरे जोडायची. ० ते ९ हे अंक ओळखायचे असतील, तर ७८४ घरांना आणखी १० घरे जोडून ७९४ घरांचे जाळे करायचे. शिकवताना तीनच्या चित्राबरोबर तीनचे घर तांबडे आणि इतर नऊ पांढरी ठेवायची. पुढे अनोळखी चित्र आले की त्याची ७८४ घरे भरायची, नावाची १० घरे कोरी सोडायची, आणि जाळ्याला ती भरू द्यायची. अर्धा अभंग ऐकून उरलेला म्हणावा, त्याप्रमाणे यंत्र अर्धे चित्र पाहून उरलेले पूर्ण करते, आणि उरलेला भाग म्हणजे नाव. वर्गीकरणासाठी वेगळे यंत्र लागत नाही. ते स्मरणाचेच एक रूप ठरते.

शिरोरेषेची अडचण

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की अशा जाळ्यात मावते तरी किती? दानिएल आमित, हानोख गुटफ्रॉइंड आणि हाइम सोम्पोलिन्स्की यांनी १९८५ साली स्पिन ग्लासच्या गणिताच्या आधारे याचे उत्तर काढले. चित्रे एकमेकांशी काहीही साम्य नसलेली असतील, तर घरांच्या संख्येच्या सुमारे ०.१३८ पट चित्रे लक्षात राहतात. ७८४ घरांसाठी हा आकडा सुमारे १०८ होतो. मर्यादा ओलांडली की जे घडते, ते अधिक वाईट आहे. भरलेल्या पिंपात आणखी पाणी ओतले, तर जादाचे तेवढे सांडते. येथे आधी भरलेलेही नासते. दऱ्या एकमेकींत मिसळून भूभाग असा खडबडीत होतो की एकही जुने चित्र धड आठवत नाही.

शिवाय ही मर्यादा परस्परांशी साम्य नसलेल्या चित्रांची आहे, आणि खरी चित्रे तशी नसतात. आपली देवनागरी अक्षरेच घ्या. जवळजवळ सर्वांच्या डोक्यावर शिरोरेषा, बहुतेकांना उजवीकडे दंड, आणि कोपऱ्यांत कोरी जागा. पन्नास अक्षरे शिकवली, तर शिरोरेषेच्या घरांमधील दुव्यांना पन्नास वेळा बळ मिळते, पण एका अक्षराला दुसऱ्यापासून वेगळे करणाऱ्या घरांना त्या गर्दीत आवाजच उरत नाही. परिणामी कोणतेही अक्षर दाखवले, तरी जाळे शिरोरेषा आणि दंड असलेल्या एका सरासरी आकृतीकडे घसरते. आता भ आणि म, किंवा ध आणि घ या जोड्या पाहाव्यात. छापील अक्षरांत भ आणि ध यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, म आणि घ यांची सलग असते. सारा फरक डाव्या कोपऱ्यातील मोजक्या घरांत सामावलेला आहे. पहिलीतील मूलही येथे अडखळते, आणि हेबच्या नियमावर चालणारे जाळे तर हमखास अडखळते.

यावर उपाय आहेत. सर्व अक्षरांची सरासरी आधी काढून ती प्रत्येक अक्षरातून वजा करायची आणि जे उरेल, तेवढेच शिकवायचे, हा साधा उपाय. लक्षात ठेवायच्या चित्रांचे एकमेकांशी किती साम्य आहे हे आधी मोजून त्यानुसार दुव्यांचे बळ ठरवायचे, हा अधिक चांगला. त्याचा नियम फ्रान्समधील संशोधकांनी १९८० च्या दशकातच दिला होता. मात्र यांपैकी कशानेही साठवण घरांच्या संख्येपलीकडे जात नाही. हस्तलिखित अंकांच्या एमनिस्ट नावाच्या प्रसिद्ध संग्रहात शिकवण्यासाठी ६०,००० आणि परीक्षेसाठी १०,००० चित्रे आहेत, प्रत्येक चित्र २८ गुणिले २८ घरांचे. जिथे फार तर काहीशे मावतात, तिथे साठ हजारांचे काय करायचे, हा प्रश्न तीन दशके तसाच राहिला, आणि या काळात बहुतेकांनी या जाळ्यांचा नाद सोडला.

दऱ्या अरुंद करण्याचा उपाय

२०१६ साली दिमित्री क्रोतोव्ह आणि स्वतः हॉपफिल्ड यांनी या प्रश्नाला हात घातला. त्यांची कल्पना आकड्यांत सांगणे सोपे आहे. समोर आलेले चित्र एका स्मृतीशी ६० गुणांनी जुळते आणि दुसऱ्या स्मृतीशी ५० गुणांनी. जुन्या रचनेत ऊर्जा ठरते ती या गुणांच्या वर्गावरून: ६० चा वर्ग ३६००, ५० चा २५००, म्हणजे पहिल्या स्मृतीची ओढ दुसरीच्या जेमतेम दीडपट. शंभर स्मृतींची अशी ओढाताण चालू असली की योग्य स्मृतीचा आवाज बुडून जातो. आता वर्गाऐवजी विसावा घात घेतला, तर तेच गुणोत्तर सुमारे अडतीसपट होते. जवळची स्मृती जोरात ओढते, दूरच्या जवळजवळ गप्प होतात, दऱ्या खोल आणि अरुंद होतात, आणि त्याच भूभागात कितीतरी अधिक दऱ्या मावतात. या रचनेला दाट साहचर्य स्मृती असे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी इतर गणितज्ञांनी दाखवले की घाताऐवजी घातांकी फलन वापरले, तर साठवण घरांच्या संख्येबरोबर घातांकी वेगाने, म्हणजे दर वाढत्या घरागणिक पटीपटीने वाढते, आणि व्यवहारात तिची चिंताच उरत नाही.

येथे चौकस वाचक विचारील की हे तर केवळ सर्वांत जवळचे जुने चित्र शोधण्यासारखे झाले. यात शिकणे कुठे आहे? आक्षेप योग्य आहे, आणि घात फार मोठा घेतला तर तो बहुतांशी खराही ठरतो. पण क्रोतोव्ह आणि हॉपफिल्ड यांनी एमनिस्टवरच्या प्रयोगात साठ हजार चित्रे जशीच्या तशी कोंबली नाहीत; मर्यादित संख्येच्या स्मृती घेतल्या आणि कोणत्या आकृती लक्षात ठेवायच्या हे यंत्राला उदाहरणांवरून ठरवू दिले. घात लहान ठेवला, तेव्हा यंत्राने अंकांचे सुटे अवयव लक्षात ठेवले, कुठे एक वळण, कुठे एक रेघ. घात मोठा केला, तेव्हा पूर्ण अंकांसारखी दिसणारी आदिरूपे लक्षात ठेवली. अवयव जोडून ओळखणे आणि संपूर्ण आकृतीवरून ओळखणे, ओळखीच्या या दोन पद्धती एकाच रचनेत एक आकडा बदलून मिळतात, हा मला त्या संशोधनाचा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

मोबाईलमधील यंत्र हेच का

चवथीच्या आधी माटोळीच्या बाजारात एखाद्या रानफळाचे छायाचित्र काढून मोबाईलला त्याचे नाव विचारणारी मुले आता दिसतात. ते नाव सांगणारे यंत्र हॉपफिल्ड यांच्या जाळ्यावर चालते का? थेट नाही. ती यंत्रे अनेक थरांची असतात, त्यांत चित्र एका दिशेने थराथरांतून पुढे जाते, आणि त्यांना लाखो नावासकट चित्रांवर शिकवलेले असते. मात्र नाते अगदीच दूरचे नाही. ऑस्ट्रियातील लिंझ येथील एका संशोधकगटाने २०२० साली दाखवले की दाट साहचर्य स्मृतीच्या एका सुधारित रूपात घरे बदलण्याचा जो नियम येतो, तो ट्रान्सफॉर्मर या आजच्या प्रबळ रचनेतील अवधानाच्या, म्हणजे कोणत्या भागाकडे किती लक्ष द्यायचे हे ठरवणाऱ्या, गणिताशी तंतोतंत जुळतो. म्हणजे आज मजकूर आणि चित्रे हाताळणारी कितीतरी यंत्रे प्रत्येक पायरीवर, एका अर्थाने, साहचर्याने आठवतच असतात.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो की अक्षर दोन घरे डावीकडे सरकले, तर सगळाच हिशेब कोसळेल. हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे. ही रचना घराला घर ताडून पाहते. सरकलेला ग माणसाला ग च दिसतो, पण जाळ्याला तो नवीन आकृती वाटतो. म्हणून चित्र आधी मध्यभागी आणावे लागते, तिरपे असेल तर सरळ करावे लागते, लहानमोठे असेल तर एका मापाचे करावे लागते. अनेक थरांची यंत्रे हे काम स्वतः बऱ्याच अंशी शिकून घेतात, आणि छायाचित्रांच्या क्षेत्रात ती पुढे गेली याचे हे एक मोठे कारण आहे. थरांच्या यंत्राकडून चित्राची वैशिष्ट्ये काढून घ्यायची आणि साहचर्य स्मृतीला कच्च्या घरांऐवजी ती वैशिष्ट्ये द्यायची, अशी जोडणी करता येते आणि ती अधिक शहाणपणाची आहे.

"ठाऊक नाही" कसे म्हणायचे

शेवटचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या दाराशी येऊन भिडतो. पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज कागदपत्रांबरोबर मोडी आणि गोंयकानडी लिपीतील जुने कागदही आहेत. दमट हवेने शाई पसरलेल्या, कसर लागलेल्या कागदावरचे अर्धे अक्षर पूर्ण करणे, हे साहचर्य स्मृतीला अगदी साजेसे काम आहे; आणि लिपी वाचणारी माणसे कमी होत असताना अशा यंत्राची मदत घ्यायलाच हवी, असे माझे मत आहे. पण थेंब कुठेही पडला तरी कोणत्या ना कोणत्या नदीला मिळतोच. यंत्राला जे अक्षर कधी शिकवलेच नाही, ते दाखवले तरी ते कोणत्या तरी ओळखीच्या दरीत उतरते आणि तेथील नाव सांगते.

सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या कातळावर कोरलेली चित्रे आहेत. त्यांत बैलासारखे प्राणी आहेत आणि एक चक्रव्यूहासारखी वर्तुळाकार आकृतीही आहे. प्राण्यांच्याच आकृती शिकवलेल्या यंत्रापुढे ती वर्तुळे ठेवली, तर ते त्यांना कोणता तरी प्राणी ठरवील, आणि स्थिरावल्यानंतरच्या त्याच्या अवस्थेकडे पाहून त्यात काही गैर आहे, अशी शंकाही येणार नाही, कारण तिथे आता प्राण्याचेच सुबक आदिरूप उभे असेल.

म्हणून उत्तराबरोबर प्रवासही नोंदवला पाहिजे. मूळ चित्र आणि स्थिरावलेले चित्र यांची किती घरे जुळली, किती घरे वाटेत बदलली, हे मोजणे अवघड नाही. ७८४ घरांची दोन चित्रे एकमेकांशी काही संबंध नसतानाही योगायोगाने सुमारे ३९२ घरांत जुळतात, आणि बरीचशी पाठभूमी कोरी असेल तर त्याहूनही अधिक. तेव्हा सव्वाचारशे घरे जुळणे ही ओळख नाही, साडेसातशे जुळणे ही बऱ्यापैकी ओळख आहे, आणि मधल्या पट्ट्यात यंत्राने नाव न सांगता तो कागद जाणकार माणसापुढे ठेवावा. ही सीमारेषा कुठे आखायची, हे यंत्र ठरवू शकत नाही. ते लिपी जाणणाऱ्यांनीच ठरवायला हवे, कारण जमिनीच्या जुन्या कागदावर एक अक्षर चुकले तर काय होते, हे त्यांना ठाऊक असते.

चित्रांच्या डागडुजीत तर याहून अधिक सावधपण लागते. कावीच्या भिंतीचा पडलेला तुकडा यंत्र भरून देईल, आणि तो शोभूनही दिसेल, पण त्या जागी मुळात जे होते ते यंत्राला कधीच माहीत नव्हते. ते भरते ते त्याने पाहिलेल्या इतर भिंतींचे बहुमत. रोममध्ये चेझारे ब्रांदी यांच्या मार्गदर्शनाखाली भित्तिचित्रांचे जतन करणाऱ्यांनी गेल्या शतकात एक पद्धत रूढ केली होती. गळून गेलेला भाग ते बारीक उभ्या रेघांनी भरत. दुरून पाहिले तर चित्र अखंड वाटावे, आणि जवळ गेल्यावर मूळ कोणते व भरलेले कोणते हे स्पष्ट दिसावे. साहचर्य स्मृतीने भरलेल्या प्रत्येक घरासाठी हे करणे आणखी सोपे आहे. कोणते घर मूळ चित्रातून आले आणि कोणते शेजाऱ्यांच्या मतांनी रंगले, याची नोंद यंत्रापाशी असतेच. पडद्यावर दुसऱ्या प्रकारच्या घरांना थोडी फिकट काव द्यायची, एवढेच काम उरते.